कढी न सांडणारी मसल कार

अमेरिकेत मोटार घ्यायला लायसन्स, विमा आणि ठिकठिकाणी सह्या एवढं पुरतं. अल्फारेटात राहणाऱ्या मराठी माणसाला याशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे अल्फारेटात राहणाऱ्या इतर मराठी माणसांचा रुकार. जॉर्जिया राज्याच्या कुठल्याही कायद्यात असं लिहिलेलं नाही. पण लग्नात मामाने मुलीला मांडवात आणायचं, हे तरी कुठल्या कायद्यात आहे? म्हणून काय मामाला वगळून लग्न लागतं?

डॉक्टर शशिकांत ताम्हनकर इथे येऊन मुरलेले होते, तेव्हा हे सगळं त्यांना ठाऊक होतं. तरीही एका शनिवारी सकाळी, देवळामागच्या हॉलमध्ये मंडळाचा चहा चालू असताना, बशीतली चकली मोडता मोडता ते बोलून गेले, "मी एक मसल कार घ्यायचा विचार करतोय."

बोलले आणि फसले. ते नुसतं 'घेतली' म्हणाले असते, तर चार लोकांनी अभिनंदन केलं असतं, दोघांनी पेढे मागितले असते आणि विषय पुन्हा ग्रीन कार्डावर गेला असता. पण 'विचार करतोय' या शब्दांचा आपल्यात अर्थ असा होतो की, मला एकट्याला हा विचार झेपत नाही, तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार येऊन हातभार लावावा. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्या दिशेने सरकल्या.

आता डॉक्टरांना ही दुर्बुद्धी का सुचली, तेही सांगायला हवं. डॉक्टर होते भूलतज्ज्ञ. जन्मभर त्यांचं काम असं, की खोलीत काहीही घडलं नाही म्हणजे ते यशस्वी. पेशंटची छाती धडधडू नये, सर्जनची धडधडू नये, स्वतःची तर नाहीच नाही. घरीही तीच रीत. भिंती बेज, सोफा बेज, सेडान बेज. आणि निवृत्त झाल्यावर एके दुपारी सिग्नलला त्यांच्या शेजारी एक लाल, दोन दारांची, रुंद छातीची, दांडग्या इंजिनाची मसल कार येऊन उभी राहिली. दिवा हिरवा झाला, ती गुरगुरली आणि दिसेनाशी झाली. तिच्या आवाजाने डॉक्टरांचं स्टिअरिंग हातात थरथरलं. मागचा हॉर्न वाजवत होता तरी हे तिथेच.

तेव्हापासून त्यांचं एकच मागणं होतं. आयुष्यात एकदा अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबायचा, आणि छातीत धडधड करून घ्यायची. बस. त्यांनी हे बायकोला, रत्नाला सांगितलं, तर ती म्हणाली, "छातीत धडधड हवी असेल तर माझ्याबरोबर दिवाळीची साफसफाई करा." सिएटलची लेक रुचा फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट बाय इट." लेकीचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मंडळाचे अध्यक्ष राजीव एका मोठ्या कंपनीत प्रोग्राम मॅनेजर होते. घरी डास आला तरी आधी त्याचे 'स्टेकहोल्डर्स' कोण ते ठरवणारा माणूस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"डॉक्टर, गाडी हा काही भावनेचा विषय नाही. आपण एक वाहन मूल्यमापन उपसमिती नेमू."

"पण गाडी मला घ्यायचीय," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला समितीत घेता येत नाही. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होतो. तुम्ही निमंत्रित म्हणून या. मत मांडा, मतदान मात्र नाही."

समितीत स्वतः राजीव आले. त्यांच्या पत्नी सुनेत्रा आल्या, कारण मंडळाची भोजन व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि त्यांच्याशिवाय मंडळाची कुठलीही समिती कायदेशीर मानली जात नसे. तिसरा आला शंतनू. हा नागपूरचा, आयटीतला, विषयाचा अभ्यासू. यूट्यूबवर या गाड्यांचे जेवढे रिव्ह्यू असतील तेवढे त्याने पाहिले होते, आणि चालवत होता मिनीव्हॅन.

"ऑप्शन तीनच आहेत, काका," शंतनू म्हणाला. "मस्टँग, कॅमेरो, चॅलेंजर. वळणावर पकड बघाल तर कॅमेरो. ऐसपैस आरामात जायचं तर चॅलेंजर. अन् दोन्हीच्या मधात मस्टँग. कॅमेरो आणि चॅलेंजर बनायच्या बंद झाल्या, त्या सेकंडहँड पाहाव्या लागतील. ट्रॅकवर हँडलिंगचे नंबर पाहिले तर..."

"ट्रॅकवर कोण जातंय इथे?" सुनेत्रा म्हणाल्या. "आपण जातो पॉटलकला, घरोघरचे पदार्थ एकत्र करून जेवायला. मांडीवर पातेलं घेऊन. मला एवढंच सांग, वळणावर कढी सांडते का? तुझ्या त्या रिव्ह्यूवाल्यांपैकी कुणी कढी घेऊन बसलं होतं का गाडीत?"

शंतनूने आठवून पाहिलं. कुणीच बसलं नव्हतं. जगातल्या सगळ्या वाहन परीक्षणांतली ही त्रुटी अल्फारेटातल्या एका बाईने चकली खाता खाता दाखवून दिली होती, आणि समितीची छाती अभिमानाने फुगली. रोजच्या वापराची कसोटी ठरली ती अशी. काठोकाठ भरलेलं कढीचं पातेलं गाडीत ठेवायचं, गाडी चालवायची, आणि सांडते किती ते पाहायचं. ज्या गाडीत कमी सांडेल तिचं हँडलिंग उत्तम.

पण चाचणी शास्त्रशुद्ध व्हायची तर कढी प्रमाणित हवी. इथे पहिली अडचण आली. सुनेत्रा पुण्याच्या, त्यांच्या कढीत साखर. शंतनू म्हणाला, आमच्याकडे कढीत गोळे असतात, आणि कढीगोळे नसतील तर नागपूरकर या निकालाला मान्यता देणार नाहीत. राजीवनी शंका काढली की वळणावर गोळे एका बाजूला घरंगळतील आणि पातेल्याचा तोल बिघडेल, मग तो दोष गाडीचा धरायचा की गोळ्यांचा? यावर दोन शनिवार चर्चा झाली. डॉक्टर निमंत्रित असल्यामुळे ऐकत बसले. शेवटी पातळ कढी, गोड बेताची आणि गोळे वेगळ्या डब्यात, असा समझोता झाला, आणि दोन्ही बाजू सारख्याच नाराज आहेत हे पाहून राजीवना समाधान वाटलं.

हायवे फोर हंड्रेडच्या कडेला सेकंडहँड गाड्यांचं एक दुकान होतं. तिथे योगायोगाने तिन्ही गाड्या उभ्या होत्या. तिथला सेल्समन ब्रॅडली, मोठा गोड माणूस. चार मराठी माणसं आणि एक पातेलं पाहून तो जरा गोंधळला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"टेस्ट इक्विपमेंट," राजीव म्हणाले.

पहिल्या फेरीत गाडी डॉक्टर चालवणार होते. तिन्ही गाड्यांत त्यांना नीट बसायला मिळालं, हे मात्र खरं. मस्टँगच्या स्टिअरिंगवर हात ठेवला तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप ते चामडं चोळू लागला. इंजिन सुरू झालं, पाठीला बारीक गुदगुली झाली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर गेला, तेवढ्यात मागून राजीवचा आवाज आला, "डॉक्टर, वीसच्या वर नाही. कढी गरम आहे." मग फोर हंड्रेडला न जाता शेजारच्या शाळेच्या रस्त्याने, चारी इंडिकेटर लुकलुकवत, शेकडो घोड्यांची ती ताकद बैलगाडीच्या चालीने निघाली. मागून येणारी माणसं हळू होऊन, टोप्या काढून गेली. त्यांना वाटलं अंत्ययात्रा आहे.

रोजच्या वापराच्या बाकी चाचण्याही झाल्या. सुनेत्रा पैठणी नेसून आल्या होत्या, कारण मागच्या सीटवर पैठणीत बसता येतं की नाही हे पाहायचं होतं. कॅमेरोच्या मागच्या सीटवर त्या गेल्या, पण बाहेर येईनात. शंतनूने एक हात धरला, ब्रॅडलीने दुसरा, आणि राजीव लांबून सूचना देत राहिले. "बाहेरचं दिसत कसं नाही यातून?" त्या आतून म्हणाल्या, "मी कुठल्या गावात आहे तेही कळत नाहीये." चॅलेंजरमध्ये मात्र त्या आल्या, बसल्या, पदर सारखा केला, आणि वर अजून एक नणंद बसेल म्हणाल्या. डिकीत भारतवारीच्या मोठ्या बॅगा घालून पाहिल्या. चॅलेंजरने दोन्ही गिळल्या, मस्टँगने एक आणि वर प्रेशर कुकर घेतला, कॅमेरोने बॅगेकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

निकाल लागायची वेळ आली आणि पेच पडला. तिन्ही गाड्यांत कढी थेंबभरही सांडली नव्हती. पातेल्याचा काठ कोरडा. सगळ्या गाड्या बरोबरीत.

राजीव गंभीर झाले. "डेटा करप्ट आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डॉक्टर, तुम्ही भूलतज्ज्ञ. तुमच्या हातात आली की कढीसुद्धा निपचित पडते. यात गाडीचं काय सिद्ध झालं? आपल्याला सामान्य चालक हवा."

"सामान्य म्हणजे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

यावर सगळे जरा संकोचले. मग समितीने एकमताने ठरवलं की सामान्य चालक म्हणजे समितीचे सदस्य. आणि कढीमुळे चालकाच्या मनावर दडपण येतं, त्यामुळे तुलनेसाठी एक फेरी कढीशिवाय मारणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे. पातेलं डॉक्टरांच्या हातात देऊन त्यांना दुकानाच्या दारातल्या बाकावर बसवण्यात आलं.

आधी राजीव मस्टँग घेऊन गेले. फोर हंड्रेडच्या दिशेने एक डरकाळी गेली आणि विरली. बराच वेळ कुणी परत आलं नाही. आले तेव्हा राजीवच्या डोक्यावर उरलेले केस उभे होते आणि शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

"कशी आहे?" डॉक्टरांनी पातेल्यावरून मान उंचावून विचारलं.

"ठीक," राजीव म्हणाले. "तुमच्यासाठी नाही."

शंतनू चॅलेंजर घेऊन गेला. परत आला तो स्वतःशीच हसत होता, आणि यूट्यूबवाल्यांना काही कळत नाही म्हणत होता. "काका, खूप जड आहे हो. तुम्हाला नाही झेपायची." सुनेत्रा सर्वांत शेवटी कॅमेरोत बसल्या. त्यांनी पैठणीचा पदर कमरेला खोचला, आरसे नीट केले आणि निघाल्या. त्यांचा पत्ताच लागेना, तेव्हा राजीवनी फोन केला. पलीकडून फक्त वारा ऐकू आला आणि कुणीतरी खदखदून हसत होतं. तासाभराने त्या परतल्या, उतरताना कुणाचा हात लागला नाही.

"वाईट गाडी आहे," त्या डॉक्टरांची नजर चुकवत म्हणाल्या. "फार वाईट. अजिबात घेऊ नका."

पुढच्या शनिवारी उपसमितीने मंडळापुढे निष्कर्ष मांडला. तीनही वाहने हँडलिंग आणि दैनंदिन वापर या निकषांवर समाधानकारक असली, तरी डॉक्टर ताम्हनकर यांचे वय, स्वभाव आणि सोफ्याचा रंग लक्षात घेता त्यांना ती अनुकूल नाहीत. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, सवयीने.

घरी येऊन ते बेज सोफ्यावर बसले. रत्नाने चहा दिला तरी कप हातातच.

"एवढं काय मनाला लावून घेता?" ती म्हणाली.

"मला वाईट वाटतंय गं," डॉक्टर म्हणाले. "लहान पोरासारखं वाईट वाटतंय. लोकांना शुद्धीवर आणता आणता जन्म गेला, आणि स्वतःच झोपून राहिलो की काय असं वाटतं."

नवऱ्याला असं बोलताना रत्नाने कधी ऐकलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि ती त्यांच्या शेजारी बसली.

सोमवारी डॉक्टरांनी चोरून ब्रॅडलीला फोन लावला, तिघींपैकी एखादी तरी राहिलीय का म्हणून. ब्रॅडली खूश होता. "तिन्ही गेल्या, डॉक्टर. तुमच्याच मित्रांनी नेल्या. एक साहेब, एक तरुण आणि त्या सिल्कवाल्या बाई. बाईंनी तर आपली मिनीव्हॅन इथेच सोडली. फार प्रेमळ लोक आहेत तुमचे. तिघंही वेगवेगळे आले आणि तिघांनीही मला सांगितलं, बाकीच्या दोघांना कळू देऊ नका."

कळायचं ते कळलंच. पाडव्याच्या कार्यक्रमाआधीच्या शनिवारी देवळाच्या पार्किंगमध्ये मस्टँग, कॅमेरो आणि चॅलेंजर रांगेने उभ्या होत्या. राजीव आणि सुनेत्रा एकाच घरातून दोन गाड्यांनी आले होते आणि फोर हंड्रेडवर कोण पुढे होतं यावरून त्यांचं बोलणं बंद होतं. कुणीही डॉक्टरांना 'आम्ही विचार करतोय' म्हणालं नव्हतं. तिघंही थेट 'घेतली' म्हणाले, आणि मंडळाने अभिनंदन करून पेढे मागितले.

मग पाडव्याच्या भोजनाचा विषय निघाला आणि व्यवस्थेतला एक गंभीर दोष उघडकीला आला. बेतात खिचडी होती, मठ्ठा होता, श्रीखंड होतं, शंभरावर माणसांची कढीही होती. पण ती सुनेत्रांच्या घरून हॉलपर्यंत न्यायची कशी? सुनेत्रांची आणि शंतनूची, दोन्ही मिनीव्हॅन विकल्या गेल्या होत्या. नव्या गाडीच्या सीटवर हळदीचा डाग कुणालाच चालणार नव्हता.

"मंडळात एकच माणूस असा आहे," राजीव उभे राहून म्हणाले, "ज्याच्या हातून कढी सांडत नाही, हे आपण प्रयोगाने सिद्ध केलेलं आहे."

अशा रीतीने डॉक्टर शशिकांत ताम्हनकर यांची मंडळाच्या अधिकृत कढीवाहकपदी बिनविरोध निवड झाली. मुदत दोन वर्षं, पुनर्नियुक्तीस पात्र. या वेळी त्यांना मतदानाचा हक्कही देण्यात आला होता, आणि संकोचाने त्यांनी स्वतःच्या बाजूने हात वर केला.

पाडव्याच्या सकाळी मागच्या सीटवर कढीचं भलंमोठं पातेलं, त्याला सीटबेल्ट, पुढे शेजारी रत्ना, आणि डॉक्टर वीसच्या वेगाने निघाले. ब्रॅडलीच्या दुकानावरून गाडी जाऊ लागली. डॉक्टरांनी ठरवलं होतं तिकडे बघायचं नाही, आणि बघितलं. काचेआड नवा माल लागला होता. तिन्ही जातींची एकेक, पुसून लख्ख.

त्यांनी नुसता सुस्कारा सोडला.

"थांबवा," रत्ना म्हणाली.

"अगं, कढी..."

"थांबवा म्हणते ना. आणि आत जाऊन तिघांतली कुठली घ्यायची ती घ्या. मला विचारू नका, रुचाला फोन करू नका, आणि कृपा करून त्या राजीवला तर मुळीच करू नका."

"बघू. विचार करू," डॉक्टर सवयीने म्हणाले.

रत्नाने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते मुकाट्याने उतरले. आत गेले, बोट दाखवलं, सह्या केल्या. बेज सेडान तिथेच मोडीत दिली. ब्रॅडलीने पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं, या टेस्ट इक्विपमेंटचं काय करायचं? चाचण्या झाल्या त्या दिवसापासून कढीचा वास दुकानातल्या माणसांच्या नाकात बसला होता आणि सगळे चवीसाठी आतुर झाले होते. "प्या," रत्ना म्हणाली, आणि झाकण काढून दिलं. ब्रॅडलीने कॉफीच्या कपात घेऊन घोट घेतला, डोळे मिटले आणि आतल्या मेकॅनिकना हाका मारायला धावला.

गाडी फोर हंड्रेडला जोडणाऱ्या चढणीवर आली. पुढे रस्ता मोकळा. डॉक्टरांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, पण नुसता ठेवलेला.

"आता काय मुहूर्त बघताय?" रत्ना म्हणाली. "साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे आज. दाबा."

डॉक्टरांनी दाबला. पार तळापर्यंत. गाडीने त्यांना पाठीमागून आईने लेकराला उचलावं तसं उचललं. कानात आवाज भरला, आणि छातीत, अगदी हवी तशी, धडधड सुरू झाली. हायवेला लागेपर्यंत कायद्याची वेगमर्यादा आली, म्हणून त्यांनी शहाण्यासारखा पाय काढला. पण तेवढ्यात डोळ्यांतून पाणी आलं होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलंही नाही.

रत्नाने दोन्ही हातांनी सीट गच्च धरली होती. "पुढच्या एक्झिटला वळवा," ती म्हणाली. "पुन्हा करू."

त्यांनी पुन्हा केलं. मग आणखी एकदा केलं. ते हॉलवर पोचले तोवर लोकांच्या पानात खिचडीचे डोंगर कोरडे पडले होते आणि सगळं मंडळ दारात उभं होतं.

"डॉक्टर, कढी कुठंय?" सुनेत्रा ओरडल्या.

"दिली."

"कुणाला?"

"भुकेल्यांना."

राजीवची नजर त्यांच्यामागच्या गाडीवर गेली. "आणि ही?"

"घेतली," डॉक्टर म्हणाले.

झालं. त्या एका शब्दापुढे अध्यक्षांचा इलाज चालेना. मंडळाने अभिनंदन केलं, पेढे मागितले आणि मठ्ठ्याबरोबर खिचडी गिळली.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टरांनी तिघांतली नेमकी कुठली घेतली? ते सांगणार नाही. मस्टँग म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, वळणावर कॅमेरो बरी होती. कॅमेरो म्हटलं, तर म्हणाल, या वयात बाहेरचं दिसायला नको का? चॅलेंजर म्हटलं, तर एवढं धूड पार्क कुठे करणार, ही काळजी तुम्हाला लागेल. गाडी डॉक्टरांची, रस्ता जॉर्जियाचा, धडधड ज्याची त्याची. आणि तरी एवढं वाचेपर्यंत तुम्ही मनातल्या मनात त्यांच्यासाठी एक गाडी नक्की करून ठेवलीय, कारणांसकट. लाजू नका. उपसमितीत एक खुर्ची रिकामीच असते. या, बसा.